मातीतले जिवाणू काय खातात?



वनहक्काचा पट्टा मिळालेल्या आदिवासी कुटुंबांकडे जाऊन बसले की एक प्रश्न हमखास निघतो. वडिलांनी झुडपे तोडून पहिल्यांदा पेरले तेव्हा खताचा दाणाही टाकला नव्हता, तरी ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आज त्याच वावरात युरियाच्या दोन-दोन बोऱ्या टाकूनही तसे पीक दिसत नाही. माती म्हातारी झाली का? देवलापारकडे हे विचारतात, धारणीकडे विचारतात, एटापल्लीकडेही विचारतात.

आपण या कुटुंबांसाठी प्रार्थना करतो, वर्गणी देतो, पेरणीच्या आधी बी-खताची मदत पाठवतो. ती मदत मातीत गेल्यावर तिचे काय होते, हे देणाऱ्यालाही ठाऊक असावे. म्हणून या अंकातला अभ्यास मातीतल्या जिवाणूंवर आहे. विषय विज्ञानाचा आहे, पण शाळेत शिकलेले थोडे आठवले तरी पुरते.

चिमूटभर मातीतली वस्ती

चांगल्या जमिनीतल्या एक ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असतात. काही मातींत हा आकडा शंभर कोटींच्या घरात जातो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण नाकाला कळतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो वास सुटतो, त्यातला मोठा भाग स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या कुळातले जिवाणू तयार करतात. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन काढले. क्षयरोगावर गुण देणारे ते पहिले औषध. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यातली ती रोजची सुई आठवत असेल. ती मातीतून आली होती.

पिकासाठी या वस्तीचे काम स्वयंपाकघरासारखे आहे. हवेत १०० पैकी ७८ भाग नत्र असतो, पण कापसाचे किंवा धानाचे झाड तो हवेतून घेऊ शकत नाही. तो काही मोजक्या जिवाणूंनाच साधतो. तूर, मूग, उडीद, चवळी यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या रोगाच्या गाठी नव्हेत, रायझोबियम गटातल्या जिवाणूंची घरे आहेत. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र देतात. जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ च्या काळात हे सिद्ध केले आणि १८८८ मध्येच हॉलंडच्या बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून दाखवला. आमच्या भागात कापसाच्या सहा-आठ तासांनंतर तुरीचे एक तास टाकायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

युरियासुद्धा जिवाणूंच्या हातून गेल्याशिवाय पिकाला फारसा लागू पडत नाही, हे पुष्कळ शेतकऱ्यांना माहीत नसते. युरियाचा दाणा विरघळला की मातीतले सूक्ष्मजीव त्याचा आधी अमोनिया करतात. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. पीक मुख्यतः या दोन रूपांत नत्र उचलते. हे काम फार झपाट्याने झाले तर नायट्रेट पावसाबरोबर खाली वाहून जाते. धानाच्या बांधीत पाणी साचलेले असेल तर तिथले जिवाणू त्याचा पुन्हा वायू करून हवेत सोडतात, म्हणजे पैसे गेले आभाळात. सरकारने २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचे आवरण देऊन विकायला लावला, त्याचे एक कारण हेच. कडुलिंबातल्या द्रव्यांनी नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग थोडा मंदावतो.

काळ्या जमिनीत स्फुरदाचीही अशीच गोष्ट आहे. त्या जमिनीत चुना भरपूर, त्यामुळे टाकलेल्या स्फुरदाचा बराचसा भाग चुन्याशी बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. काही जिवाणू आंबट द्रव्ये सोडून तो मोकळा करतात.

आता या सगळ्यांना खायला काय लागते? नत्र बांधायला, स्फुरद सोडवायला ताकद लागते आणि ती ताकद कर्बातून येते. वाळलेली पाने, मुळे, शेण, कुटार, काडी हे त्यांचे जेवण. शिवाय जिवंत झाड आपण तयार केलेल्या अन्नाचा काही हिस्सा मुळांवाटे मातीत सोडत असते, तेही जेवणच. जंगलातली माती दरवर्षी पानगळीने जेवते. झुडपे तोडून केलेल्या नव्या वावरात पहिल्या वर्षांत जे पीक आले, ते त्या साठवलेल्या जेवणावर आले. आपण साठा संपवला आणि वर युरिया देत राहिलो. युरियात नत्र ४६ टक्के आहे, पण जिवाणूंचे पोट भरेल असे त्यात जवळजवळ काही नाही. माती म्हातारी झाली का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की मातीत राहणारे उपाशी आहेत.

पूर्वी जागा बदलत असत

आदिवासी समाजाला हे माहीत नव्हते असे समजू नये. नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती आणि त्या प्रांतातले बैगा लोक बेवर शेती करीत. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, राखेत बी टाकायचे. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जायचे. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा होती. इंग्रजांच्या जंगल खात्याला हे चालले नाही. बेवर बंद करत आणून १८९० साली मंडला जिल्ह्यात बैगा चक नावाचा एक राखीव टापू तेवढा त्यासाठी ठेवला. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात हे सारे लिहून ठेवले आहे. (हे एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात मिशनरी म्हणून आले होते. पुढे चर्चपासून दूर गेले, पण तो वेगळा विषय.)

बेवरात जमीन जाळली जाई, तरी ती टिके, कारण नंतर तिला मोठी विश्रांती मिळे. सोडलेल्या तुकड्यावर झुडपे उगवत, पाने पडत, मुळे कुजत, आणि जिवाणूंचा साठा पुन्हा भरून येई. लोक थोडे आणि रान मोठे होते तोवर हे जमले.

पवित्र शास्त्रात लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे, ती आपण बहुधा आध्यात्मिक अर्थानेच वाचतो. ती खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांना, खऱ्याखुऱ्या वावरांसाठी दिलेली होती. निर्गम २३ मध्ये त्याच विसाव्याच्या वर्षी आपोआप उगवलेले गरिबांनी खावे असेही म्हटले आहे. लूक १३ मधला बागवानही फळ न देणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालण्यासाठी एका वर्षाची मुदत मागतो. जमिनीला वेळ आणि खत लागते, हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

आज पट्टेदाराला जागा बदलता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्याच्या नावे होऊ शकते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. पण कागद एका ठरलेल्या तुकड्याचा आहे. प्रत्यक्षात मिळालेला तुकडा बहुतेक वेळा चार हेक्टरपेक्षा पुष्कळ लहान, बरड, उताराचा असतो. असा माणूस सातवे वर्ष पडीक कसे ठेवील? पूर्वी सोडलेल्या तुकड्याला जंगल जे देत होते, ते आता त्याच वावरात, पीक उभे असताना द्यावे लागते. ते देता आले नाही तर पट्टा हातात राहतो आणि माणूस तेलंगणात मिरची तोडायला जातो.

काडी जाळण्याविषयी

सगळ्यात मोठे नुकसान आगीने होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

कापूस निघाला की पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर किंवा वावरातच ढीग करून पेटवायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पेटवल्यावर कर्ब जवळजवळ सगळा जातो, नत्राचा आणि गंधकाचाही मोठा भाग धुरात जातो. राखेत पालाश, चुना आणि काही स्फुरद उरतो, पण उन्हाळ्यातल्या वावटळी त्यातलेही पुष्कळ उडवून नेतात. पहिल्या पावसात काळी जमीन हिरवीगार दिसते, म्हणून जाळणे फायद्याचे वाटते. तो हिरवेपणा ठेव मोडून केलेला खर्च आहे.

तरीही जाळणारा प्रत्येक जण अडाणी असतो असे मुळीच नाही. ठाणे-पालघरकडचे वारली, कातकरी, कोकणा बांधव भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत एका लहान जागेवर रचून मंद पेटवतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ च्या सुमारास या राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. आचेने तणाचे बी मरते, वरच्या थरातले काही जिवाणूही मरतात आणि त्यांच्या शरीरातला नत्र मोकळा होऊन कोवळ्या रोपांना मिळतो. चार-पाच आठवड्यांच्या रोपवाटिकेला एवढे पुरते. जागा लहान, काम थोडक्या दिवसांचे. पण सबंध वावर दरसाल असे भाजायचे म्हणजे दूध देणारी गाय कापून एक दिवस पोटभर जेवायचे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेही असेच. वावरालगतच्या त्या पाल्याचे किती खत झाले असते!

जाळू नका म्हणून सांगणे सोपे आहे, पण शेतकऱ्याच्या दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली गुलाबी बोंडअळीची. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात हाहाकार केला, तेव्हापासून पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, अळी उरलेल्या बोंडांत दडून राहते, असे कृषी खाते सांगत आले आहे आणि ते बरोबर आहे. दुसरी अडचण अशी की काहींनी न जाळता काडी नांगरून गाडली आणि पुढचे पीक पिवळे पडले. ते पाहून शेजाऱ्यांनीही कानाला खडा लावला.

पीक पिवळे का पडले, हे समजले तर अर्धा अभ्यास झाला. पऱ्हाटीत किंवा धानाच्या तणसात कर्ब खूप आणि नत्र फार थोडा असतो. धानाच्या तणसात एका भाग नत्रामागे सत्तर-ऐंशी भाग कर्ब असतो. जिवाणूंना आपले शरीर वाढवायला नत्रही लागतो. काडीत तो पुरेसा नसला की ते मातीतला उचलतात आणि पीक त्या काही आठवड्यांत उपाशी राहते. पुढे जिवाणू मेले की तोच नत्र परत मिळतो, पण तोवर पेरणीचा महिना निघून गेलेला असतो. म्हणून ऐन पेरणीच्या तोंडावर कच्ची काडी गाडू नये. ती आधी कुजवावी, आणि कुजवताना तिच्यात नत्राचा काहीतरी पदार्थ घालावा. शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, तुरीचा पाला, हिरवे तण, यांतले जे हाताशी असेल ते.

हे आपल्या शेजारच्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी पुरते सिद्ध झाले आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरला होते. जमीन काळी, पीक कापसाचे, काडी पऱ्हाटीची आणि तुराटीची, म्हणजे सगळे आपल्यासारखेच. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या व बैलांच्या आधाराने जी खताची रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. लाकडासारखी टणक पऱ्हाटी बारीक कशी करायची? त्यांनी ती शेतातल्या रस्त्यावर पसरली आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरडू दिली. मग तो चुरा गुरांच्या पायाखाली अंथरला, म्हणजे मूत्र त्यात मुरले. नंतर खड्ड्यात तीन भाग काडीकचरा आणि एक भाग शेण या अंदाजाने थर, वर थोडी राख आणि माती, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. दोन-तीन वेळा खालीवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार.

ढीग नीट जमला तर पहिल्या दिवसांत आतली उष्णता ६० अंशांच्या आसपास जाते. ती उष्णता जिवाणूंच्याच कामाची. तेवढ्या उष्णतेत बोंडातली अळीही मरते आणि तणाचे बीही. म्हणजे बोंडअळीसाठी पऱ्हाटी वावरातून काढायची आणि मातीसाठी तीच पुन्हा वावरात आणायची, ही दोन्ही कामे एकाच खड्ड्यात होतात. मात्र बोंडे लागलेली काडी ढिगाच्या कडेला ठेवू नये, मध्ये घालावी आणि खालीवर करताना बाहेरचे आत जाईल असे पाहावे. नुसता उकिरडा उन्हात पसरून ठेवल्याने हे होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक उकिरड्यांतले अर्धे खत ऊन-पाऊसच खातात.

पाकिटे, बाटल्या आणि जीवामृत

जिवाणू कमी झाले तर दुकानातून आणून टाकावेत, असे कोणालाही वाटेल. रायझोबियमचे पाकीट उपयोगी आहे, पण ते कुठे लागते ते पाहावे. तूर, मूग, चवळी यांना चालणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्पिढ्या आहेत. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा. सोयाबीन हे पीक पूर्व आशियातले, आपल्याकडे अलीकडे पसरलेले. नव्या वावरात ते पहिल्यांदा पेरताना त्याचेच कल्चर लावणे फायद्याचे. एकाचे पाकीट दुसऱ्याला लावून उपयोग नाही. सर्वसाधारण शिफारस १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम अशी आहे. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवायचे, त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी. ही पाकिटे जिवंत असतात. उन्हात उभ्या टेम्पोत दिवसभर राहिलेले पाकीट वाटणे म्हणजे नुसती माती वाटणे.

आणि डाळवर्गीय पिकाला भरमसाट युरिया दिला की गाठी धरतच नाहीत. झाडाला आयता नत्र मिळाला तर ते भाडेकरू कशाला ठेवील?

जीवामृताविषयी लोक फार विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ते घराघरात नेले. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती, २०० लिटर पाणी, हे एका एकराला. हिशेब केला तर या पिंपात नत्र पाव किलोच्या आसपासच भरतो, आणि कापसाच्या एकराला कितीतरी किलो लागतो. तेव्हा ते खत म्हणून पुरणार नाही. ते विरजणासारखे आहे, आणि विरजण लावायला आधी दूध हवे. पाळेकर स्वतःही जमीन काडीकचऱ्याने झाकायला सांगतात. लोक पिंप उचलतात आणि झाकण विसरतात, अशी माझी तक्रार आहे.

झाकण्याचे महत्त्व नागपूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते, तेव्हा उघड्या काळ्या मातीवर पाय ठेववत नाही. वरच्या थरातले पुष्कळ जिवाणू मरतात, बाकीचे झोपी जातात. रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवल्यानेही मातीत हवा खेळून कर्ब भराभर संपतो. तणनाशकाच्या एका फवाऱ्याने सगळे जिवाणू मरतात, हे मात्र खरे नाही. पण धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत एकही हिरवे मूळ उरले नाही, की त्यांचे रोजचे जेवण बंद होते.

मदत करणाऱ्यांसाठी दोन शब्द. युरियाची बोरी तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि वाटतानाचा फोटोही छान येतो. माझे मत असे की त्याच पैशातून चार घरांत मिळून पऱ्हाटी बारीक करायचे यंत्र भाड्याने आणावे, खड्डा खणायच्या दिवसांची मजुरी द्यावी, नाहीतर उन्हाळ्यात गुरांच्या चाऱ्याची सोय करावी. चाऱ्याअभावी बैलजोडी विकली की त्या घरचे शेणही गेले. बी द्यायचे तर कापसाबरोबर गावरान तुरीचेही द्यावे. तुरीचे मूळ खोल जाते, पानगळ भरपूर होते आणि डाळ लेकरांच्या पोटात जाते.

काम होते आहे का, हे तपासायला प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. मृदा आरोग्य पत्रिका काढलेली असेल तर ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ बघावी. आकडा ०.४० च्या खाली असेल तर कमी समजावा. ऑगस्टमध्ये मुगाचे किंवा चवळीचे झाड उपटू नये, खुरप्याने मातीसकट काढावे आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाहीत.

आणखी एक सोपा प्रयोग मुलांकडून करून घेता येतो. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे सारखे दोन तुकडे घ्यावेत. मान्सून बसला की एक तुकडा वावरात आणि एक जंगलाच्या कडेच्या मातीत वीतभर खोल पुरावा, जागेवर खूण करावी आणि दोन महिन्यांनी, पोळ्याच्या सुमारास, दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवावेत. कापूस म्हणजे कर्बच, त्यामुळे जिथे जिवाणू आणि बुरशी भरपूर, तिथल्या कापडाची चाळण झालेली असते. कापड पूर्ण सुती हवे. टेरिकॉटमधला पॉलिस्टरचा धागा मातीला खाता येत नाही, तो जसाच्या तसा निघतो.